जुन्या रस्त्यावरच्या गावांना वाऱ्यावर सोडू नका

महोदय,

शिकागो ते सांता मोनिका हा अमेरिकेतला ‘रूट ६६’ ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या शताब्दीच्या बातम्यांत निऑनच्या पाट्या आणि जुन्या मोटारींचे फोटो भरपूर असतात. रस्त्याकाठच्या गावांवर काय गुदरले, ते क्वचितच येते. जुन्या नागपूर-संभाजीनगर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्यासारख्याला तेच महत्त्वाचे वाटते.

१९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर तिथे इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या वेगवान महामार्गांचे जाळे उभे राहिले आणि रूट ६६ चा एकेक तुकडा बाजूला पडत गेला. टेक्सास-न्यू मेक्सिको सीमेवरच्या ग्लेनरिओत एका मोटेलची पाटी होती: एका दिशेने येणाऱ्याला ‘टेक्सासमधले पहिले मोटेल’, दुसऱ्या दिशेने येणाऱ्याला ‘टेक्सासमधले शेवटचे’. ते मोटेल आज पडीक आहे आणि गाव जवळपास ओस.

मुलीकडे अ‍ॅरिझोनाला गेलो असताना रूट ६६ वरचे सेलिगमन गाव पाहिले. २२ सप्टेंबर १९७८ रोजी गावाबाहेरून आय-४० हा इंटरस्टेट महामार्ग सुरू झाला आणि मुख्य रस्त्यावरची वर्दळ एका दिवसात आटली. पेट्रोल पंप, खानावळी, लॉज सगळ्यांचे पोट त्याच रस्त्यावर होते. शेवटी १९८७ मध्ये गावचे न्हावी एंजेल डेलगाडियो यांनी लोकांना जमवून संघटना काढली, सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि सेलिगमन ते किंगमन या पट्ट्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळवून दिला. आज त्यांच्या दुकानासमोर पर्यटकांच्या बस उभ्या राहतात. त्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. पण मधल्या नऊ वर्षांत ज्यांनी दुकानाला कुलूप लावून गाव सोडले, त्यांच्या हाती काय लागले?

जवळचेच विल्यम्स अधिक सावध निघाले. रस्ता होण्याआधीच तिथे प्रकरण कोर्टात गेले आणि गावासाठी तीन एक्झिट देण्याचे ठरल्यावरच दावे मागे घेतले गेले. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी वळणरस्ता खुला झाला. रूट ६६ वरचे बाजूला पडलेले ते शेवटचे गाव. पुढे १९८९ मध्ये तिथून ग्रँड कॅन्यनची रेल्वेही पुन्हा धावू लागली. गाव टिकले, कारण महामार्गावरून गावात उतरायला वाट होती आणि उतरायला कारणही होते.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मला त्याचा आनंदच आहे. नागपूरला दवाखान्यात न्यायचा पेशंट लवकर पोहोचतो, हे लहान सुख नव्हे. पण कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा या जुन्या रस्त्यावरच्या गावांतल्या ढाबेवाल्यांचे, पंक्चरवाल्यांचे, रसवंतीवाल्यांचे काय, याचा विचार सरकारने आताच करावा. इंटरचेंजच्या आधी लोणार सरोवर, जिजाऊंचे जन्मस्थान यांच्या ठळक पाट्या लावाव्यात. खाली उतरल्यावर गावापर्यंतचा जोडरस्ता धड ठेवावा. आणि महामार्गावरच्या सुविधा केंद्रांतले काही गाळे जुन्या रस्त्यावर वर्षानुवर्षे धंदा केलेल्यांना त्यांना परवडेल अशा भाड्याने राखून ठेवावेत. यासाठी कोणाला नऊ वर्षे थांबायला लावू नये.

आपला,
एक वाचक, मेहकर