बाबांच्या पट्ट्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, जांघेतल्या हर्नियाच्या गाठीवर तुम्ही फार्मसीतला पट्टा बांधून नारळी-पोफळीच्या कुळागरात फिरता, हे आईकडून कळलं. पट्ट्याने हर्निया नुसता दाबला जातो, बरा होत नाही. पोटाची स्नायूंची भिंत तिथे कमकुवत झाली आहे आणि तिथून आतडं किंवा चरबी बाहेर येते. म्हणून तर खोकलात की गाठ वर येते, आडवे झालात की जाते. नारळाची पोती तुम्ही आता उचलणार नाही, हे मी गृहीत धरते. पण जुना खोकला आणि रात्री लघवीला कुंथणं, हेही रोज आतून जोर लावतातच. लघवी अडवणारी प्रोस्टेटची ग्रंथीही दाखवून घ्या, लाजू नका.

आई, हे तुझ्यासाठी. आडवं पडूनही गाठ आत गेली नाही, दुखू लागली, लाल झाली, उलट्या झाल्या किंवा वारा सरेना, तर शेक देत बसू नकोस. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत सडतं. शेजारच्यांना उठव आणि थेट बांबोळीला गोमेकॉत, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात ने. मला फोन नंतर कर.

ठरवून केलेलं ऑपरेशन मात्र सोपं असतं. आत जाळी बसवतात, बरेच जण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात.

आणखी एक. पंपाचा जुना पाइप उन्हाने मऊ पडून मध्येच फुगतो, तशी पोटातली महाधमनीही फुगते. तिला एन्युरिझम म्हणतात. सिगरेट हे तिचं मोठं कारण, वाढलेलं प्रेशरही. (सोडली म्हणून मागची वर्षं पुसली जात नाहीत, बाबा.) ही धमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, ३ झाली की एन्युरिझम, आणि पुरुषांत ५.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. बहुतेकांना फुटेपर्यंत काही जाणवत नाही. तुमच्या आइनस्टाइनला हाच आजार होता. १९४८ साली सर्जनने ती धमनी सेलोफेनने गुंडाळली. १९५५ साली ती फुटली आणि ते गेले. आज साध्या सोनोग्राफीत, न दुखता, कळतं. पासष्टीनंतर, कधीकाळी सिगरेट ओढलेल्या पुरुषांनी ती एकदा करून घ्यावी असं डॉक्टर सांगतात.

चवथ झाल्यावर बघू, असं म्हणू नका. गणपतीवरची माटोळी यंदा दादा बांधेल. मी येत्या शनिवारी पोचते, सोमवारी ओपीडीला जाऊ. दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड आणि प्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधून ठेवा.

तुमची,
बाय