घरात आणखी कोणाला खाज येते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंगाला खाज सुटली की ‘पित्त उठलंय’, ‘रक्त बिघडलंय’, फार तर ‘कसलीतरी अॅलर्जी’, एवढ्यावरच बहुतेकांची धाव थांबते. त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. या नावांआड दडलेली खरूज, म्हणजे कातडीत बीळ करून राहणाऱ्या बारीक किड्याने होणारा संसर्गजन्य रोग, इतकी पाहिली आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या ज्येष्ठ डॉक्टरबाई रुग्ण खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच दोन गोष्टी विचारायच्या. खाज रात्री वाढते का? आणि घरात आणखी कोणाला येते? दुसऱ्या प्रश्नावर माणसे चपापतात. ‘छे हो, आमच्याकडे रोज दोनदा आंघोळ असते,’ असे एखादी आई ठणकावून सांगते, आणि तिच्या मांडीवरचे बाळ तेव्हाच दोन्ही तळपाय एकमेकांवर घासत असते. मोठ्यांचा चेहरा आणि डोके खरजेतून सहसा सुटते, पण तान्ह्या मुलांच्या तळहातांवर, तळव्यांवर आणि कधी टाळूवरही फोड येतात. ते न पाहता मूल परत गेले, की साऱ्या घराचे खाजवणे चालूच राहते.

पाहायचे कुठे, तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, बेंबीभोवती, कमरेला, स्तनाग्रांजवळ आणि जननेंद्रियावर. शेवटच्या दोन जागा रुग्ण आपणहून दाखवत नाही आणि घाईत कोणी विचारतही नाही. भिंगाखाली काही मिलिमीटर लांबीची करडी, नागमोडी रेघ दिसते, ते किड्याचे बीळ. तिच्या टोकाशी बारीक काळसर ठिपका असतो. रेघेचा संशय आला तर डॉक्टरबाई तिथे पेनातली शाई चोळत आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढत. आजूबाजूची शाई जाई, बिळात उतरलेली तेवढी राही. किड्याची मादी जेमतेम ०.४ मिलिमीटरची, रोज दोन-तीन अंडी घालत कातडीच्या वरच्या थरात पुढे सरकते.

साध्या खरजेत अख्ख्या अंगावर असे किडे असतात १०-१५. म्हणूनच खरवडून तपासलेल्या कातडीत काही सापडले नाही, एवढ्यावरून खरूज नाही असे म्हणता येत नाही. खाज सुटते ती किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर पेटून उठते म्हणून. पहिल्या वेळी त्याला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात माणूस ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्याला खरूज देतही असतो.

मनमानीने लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज तेवढ्यापुरती निवते, पुरळाचे रूप बदलते आणि मग तज्ज्ञही चकतो. अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि प्रतिकारशक्ती खचलेले रुग्ण यांच्यात आणखी अवघड प्रकार दिसतो. हातांवर आणि नखांखाली जाड खपल्या चढतात, त्यांत किडे हजारोंनी, कधी लाखोंनी असतात, पण खाज नाममात्र. ‘म्हातारपणी कातडी कोरडी पडतेच’ म्हणून खोबरेल लावले जाते. अशा वेळी रोग आधी दिसतो तो आजींची उठबस करणाऱ्यांच्या मनगटांवर.

अस्वच्छतेचा शिक्का मात्र कधी पुसायचा? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलानबी यांनी स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांची पांघरुणे आणि आतले कपडे वापरायला दिले. लागण झाली फारच थोड्यांना. साध्या खरजेला कातडीला कातडीचा निवांत सहवास लागतो. एका अंथरुणात झोपणे, मूल कडेवर घेणे, बराच वेळ हात धरून बसणे. साबणाने ती जात नाही. उलट रोज अंग चोळणाऱ्याच्या खुणा पुसट होतात आणि निदान लांबते.

उपचाराला दाद न देण्याचे कारण बहुधा औषधात नसते. ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीसुद्धा लावून ८ ते १४ तास ठेवायचे, आणि खाज नसलेल्यांसकट घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. हात धुतले तर तिथे पुन्हा लावायचे. आठवड्या-दोन आठवड्यांनी मलमाचा दुसरा हात. तान्ही मुले आणि गरोदर बायका यांचे डॉक्टरांना विचारूनच. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. न धुता येणारे आठवडाभर पिशवीत बांधून ठेवले तरी चालते, कारण अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही.

किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज रेंगाळते. ‘गुण नाही’ म्हणून रोज मलम थापणारे कातडी भाजून घेतात. चार आठवड्यांनंतरही नवे फोड येत असतील तर परत दाखवावे. पण खाजवलेल्या जागी पू होऊन मुलाचे डोळे सुजले किंवा लघवी लालसर-तपकिरी झाली, तर मूत्रपिंडांना सूज आल्याची शक्यता असते. तिथे चार दिवसदेखील वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका