लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत चित्रांच्या राखणीला उभ्या असलेल्या ताईंना

ताई,

तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं, त्यामुळे नाव वाचता आलं नाही. म्हणून नुसतं ताई. हे मराठीत लिहितेय, तुमच्यापर्यंत पोचेल न पोचेल. पण ज्यांच्या आया परदेशात लेकीकडे येतात आणि सहा महिने खिडकीत बसून काढतात, त्यांनी तरी वाचावं.

2023 च्या हिवाळ्यात तुमच्याकडे क्लॉडेट जॉन्सन यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं, ‘प्रेझेन्स’ नावाचं. आई यायला तयारच नव्हती. त्याच्या थोडे दिवस आधी लंडनमधल्याच एका नावाजलेल्या संग्रहालयात तिचा पाणउतारा झाला होता. तिथला माणूस तिच्यासमोर उभं राहून मला म्हणाला, ‘त्यांना सांगा, भिंतीला टेकायचं नाही.’ नंतर गाइडबाईंनीही मलाच विचारलं, ‘त्यांना आवडतंय का?’ आई माझ्या शेजारी उभी होती हो! तिला इंग्रजी बोलता येत नाही, पण तिच्यादेखत तिच्याबद्दल दुसऱ्याशी बोलणं चाललंय हे तिला कळत होतं. बाहेर पडल्यावर म्हणाली, ‘यापुढे तू एकटी जात जा. मी घरी भाजी निवडते.’

तरी मी तिला ओढून आणलं. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. आईच्या लग्नाच्या फोटोत तिचा चेहरा फोटोवाल्याने ब्रशने रंगवून गोरा केलाय. हात मात्र राहिले तसेच सावळे. घरात आजही तो फोटो लागलेला आहे, आणि येणारा-जाणारा म्हणतो, ‘काय सुंदर दिसत होता काकू तुम्ही!’ म्हटलं, काळ्या कातडीवर पेस्टलच्या कांड्या झिजवणारी एक चित्रकार या जगात आहे, हे आईने एकदा डोळ्यांनी बघावं.

जॉन्सनबाई 1959 सालच्या, मँचेस्टरच्या. घराण्याचं मूळ कॅरिबियन बेटांवरचं. काढतात बहुतेक काळी माणसं, त्यातही बायका, आणि त्या माणसाच्या मापाहून मोठ्या. कागदावर पेस्टल आणि गॉश, म्हणजे पाण्यात कालवायचे दाट रंग. जवळ गेलं की गालाच्या काळ्यात निळा दिसतो, गेरू दिसतो, कुठे जांभळट छटा. पण बाई कागदात पुरी मावत नाही. कुठे कोपर कापलेलं, कुठे डोक्याचा वरचा भाग बाहेर गेलेला.

आईने जन्मभर ब्लाउज शिवलेत. ती एका चित्रापुढे थांबली, मान वाकडी केली आणि म्हणाली, ‘हिनं कागद नीट बेतला नाही गं. खांदा बाहेर गेला.’

तुम्ही कोपऱ्यात उभ्या होतात. पुढे आलात, आणि मला वाटलं झालं, आता पुन्हा काहीतरी ‘त्यांना सांगा’ म्हणून ऐकावं लागणार. तुम्ही आईकडे बघून विचारलंत, ‘काय म्हणालात, आंटी?’ मी भाषांतर करेपर्यंत तुमची नजर आईवरच. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. ऐकल्यावर तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की पलीकडचं जोडपं वळून बघायला लागलं. मग आईच्या कोपराला धरून तिला दोन पावलं डावीकडे सरकवलंत, आणि चित्राला हात न लावता, तो कापलेला खांदा हवेत बोटाने पुढे काढत काढत आणलात, थेट आईच्या खांद्यापर्यंत. म्हणालात, ‘ती मावत नाही. तिनं का मावून घ्यावं? उरलेली इथे उभी आहे.’

बस, एवढंच. या एवढ्यासाठीच हे पत्र.

त्यानंतर आईची कळी खुलली. तिने तुम्हाला काय काय विचारलं! या बायका हसत का नाहीत, हे पहिलं. ‘फोटोवाला नाहीये ना समोर,’ हे उत्तरही तिनेच दिलं. मग तुम्ही इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहराची हकिगत सांगितलीत. 1982 साली तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांचं पहिलं राष्ट्रीय संमेलन भरलं होतं. विशीतल्या क्लॉडेट तिथे काळ्या बायका चित्रांत कशा दाखवल्या जातात यावर बोलायला उभ्या राहिल्या, आणि सभेतल्या पुरुषांनी हुज्जत घातली. तेव्हा बायका उठल्या, दुसऱ्या खोलीत गेल्या आणि तिथे त्यांनी आपली चर्चा पुढे चालवली. आई म्हणाली, ‘आमच्याकडे हळदीकुंकवाला असंच होतं, फक्त चर्चा वेगळी.’ हेही तुम्ही पूर्ण भाषांतर होईपर्यंत थांबून ऐकलंत.

पुढचं मी घरी येऊन वाचलं. त्याच संमेलनाला लुबैना हिमिद या चित्रकार होत्या. त्यांनी 1985 मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत ‘द थिन ब्लॅक लाइन’ हे प्रदर्शन मांडलं. अकरा कृष्णवर्णीय आणि आशियाई बायकांचं काम, आणि जागा कुठली मिळाली, तर येण्याजाण्याचा बोळ! त्या अकरांत क्लॉडेट होत्या, सोनिया बॉइस होत्या, शांतिनिकेतनला जन्मलेल्या सुतपा बिस्वासही होत्या. बोळातल्या या बायकांपैकी हिमिद यांना 2017 चा टर्नर, म्हणजे ब्रिटनमधला कलेचा मानाचा पुरस्कार, मिळाला, व्हेरोनिका रायन यांना 2022 चा, आणि त्याच 2022 मध्ये बॉइस यांनी ब्रिटनसाठी व्हेनिसच्या जागतिक कला-प्रदर्शनातला सुवर्णसिंह हा पुरस्कार आणला. मधल्या काळात क्लॉडेट पोरंबाळं सांभाळत कित्येक वर्षं कलेच्या जगापासून दूर होत्या. त्यांना पुन्हा भिंत मिळवून देणाऱ्यांत हिमिदच होत्या. ज्या कलेच्या जगाने तेव्हा बोळात जागा दिली, तिथे आता या सगळ्यांवर पुस्तकं छापली जातात. छापोत बापडे.

तुमच्याच इमारतीत गोगँ या फ्रेंच चित्रकाराचं 1897 चं, ताहिती बेटावरचं चित्रही आहे, आडवी पडलेली नग्न मुलगी. आईने ते बघितलं आणि पदर सारखा केला, स्वतःचा. ‘हिला कुणी विचारलं असेल का गं?’ एवढंच म्हणाली आणि पुन्हा तुमच्या दालनात आली.

ताई, तुम्हाला त्या कामाचा पगार फार मिळत नसणार. पायही दुखत असणार दिवसभर उभं राहून. आईला चित्र समजावून सांगायचं काम तुमच्या कागदोपत्री कुठेही लिहिलेलं नसेल. ज्यांच्या कामातच ते होतं त्यांनी टाळलं, आणि तुम्ही आपणहून केलंत. अशी माणसं रेल्वेच्या खिडकीत, बँकेत, दवाखान्यात अधूनमधून भेटतात, आणि त्यांच्या वरच्या साहेबांना त्यांचा पत्ताही नसतो.

2024 च्या टर्नरच्या यादीत क्लॉडेट यांचं नाव आलं तेव्हा आईला फोन केला. निकालाच्या दिवशी तिचाच फोन. पुरस्कार जसलीन कौर यांना गेला म्हटल्यावर जरा थांबली. ‘बाईच आहे ना? मग आपल्यातच राहिला.’

आणि हो, आईने तुमच्यासाठी एक लांब जाकीट शिवायला घेतलंय, गडद निळ्या इरकलीचं. माप नजरेनेच घेतलं होतं म्हणते, तेव्हा, तुम्ही हवेत बोट फिरवत होतात तेव्हा. खांद्याला चांगलं दोन बोटं जास्तीचं कापड ठेवलंय. पुढच्या खेपेला ती स्वतः घेऊन येणार आहे, आणि यायला तयार आहे.

आपली,
शिवणाऱ्या बाईंची लेक