त्या रात्री मी ओवीच्या शाळेत होतो

न्यू जर्सी, 10 जानेवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मंगळवारी तुमचे तीन फोन आले आणि मी उचलले नाहीत. आई घाबरली असणार. मी ओवीच्या शाळेत, इथल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या शिक्षण मंडळाच्या सभेला होतो. अंगात जाड जॅकेट होतं, आत हीटर होता, येताना गाडी सावकाश चालवली. खोकला पूर्ण गेलाय.

बाबा, राजकारणात पडू नकोस म्हणता, पण मी खरंच पडलेलो नाही. मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायला इथलं नागरिकत्व लागतं. मी नुसता बघायला गेलो होतो, पण सगळा वेळ तुमचीच आठवण येत होती.

आमच्या मंडळावर नऊ सभासद आहेत. त्यांना लोक मतदानानं तीन वर्षांसाठी निवडतात, पगार काही नसतो. अध्यक्ष मात्र लोक निवडत नाहीत, सभासदच आपल्यातून निवडतात, तोही एकाच वर्षासाठी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ही सभा. नव्यांची शपथ झाली तेव्हा अध्यक्षच नव्हता, म्हणून मंडळाच्या पगारी सचिवांनी सभा चालवली. एकानं नाव सुचवलं, मग सचिवांनी एकेकाला पुकारलं आणि प्रत्येकानं आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं मत सांगितलं. चिठ्ठी नाही, कुजबुज नाही. निवड झाली तशी सचिवांनी सभा नव्या अध्यक्षांकडे सोपवली. निवड झालीच नाही तर काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे, शिक्षण अधीक्षक सभासदांपैकीच कुणाला तरी नेमतात.

आणि निवडून आलं म्हणजे झालं असं नाही. नव्या सभासदाला पहिल्याच वर्षात प्रशिक्षण घ्यावं लागतं, तसा कायदाच आहे. त्यांच्या आचारसंहितेत एक कलम आहे: शाळा चालवणं हे सभासदाचं काम नाही, ती नीट चालते आहे ना हे पाहणं त्याचं काम. ते ऐकलं आणि तुम्ही मुख्याध्यापक असताना संस्थेचे पदाधिकारी तुमच्या वेळापत्रकात हात घालायचे ते दिवस आठवले. तुम्ही घरी येऊन न बोलता जेवायचात. मुख्याध्यापकाच्या बाजूनं असं कलम तेव्हा हवं होतं, बाबा.

मनूच्या लग्नाचे तीन लाख शुक्रवारी पाठवलेत, पोचले की कळवा. हॉलसाठी कर्ज काढू नका, उरलेले मार्चमध्ये पाठवतो. मेमध्ये मी एकटाच येईन, आठ दिवस. ओवीची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असते, म्हणून तिला आणि तिच्या आईला जमणार नाही. आई, रागावू नकोस. साखरपुड्याला नव्हतो, हळदीला नक्की असेन. मनूला हे तूच सांग, मला फोनवर बोलवत नाही.

तुमचा,
सुहास