सोन्यापेक्षा स्टील महाग!

संपादक साहेब,

जुन्या घड्याळांच्या लिलावाची बातमी आली की सगळा भर आकड्यावरच असतो, त्या घड्याळात एवढं काय आहे ते कोणी सांगतच नाही. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १५१८ नंबरचं मॉडेल घ्या, १९४१ला आलेलं, क्रोनोग्राफ (म्हणजे स्टॉपवॉच) आणि परपेच्युअल कॅलेंडर (लीप वर्षसुद्धा आपोआप सांभाळणारं कॅलेंडर) एकाच घड्याळात, आणि जवळपास सगळी सोन्यात, स्टीलची फक्त ४ माहीत आहेत, म्हणून तर २०१६ला जिनिव्हात फिलिप्स या लिलाव कंपनीच्या लिलावात त्यातलं एक १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. सोनं राहिलं बाजूला!

पण खरी मेख पॉलिशमध्ये आहे. बफ मारलेली, म्हणजे मशीनवर घासून चमकवलेली केस (घड्याळाची बाहेरची धातूची बॉडी) चकाचक दिसते खरी, पण कडा गोल झाल्या की भाव पडलाच म्हणून समजा. डायलवरची अक्षरं तर भिंगातूनच बघायची, या कंपनीच्या जुन्या डायलवर ती इनॅमलची (काचेसारख्या भाजलेल्या रंगाची) आणि किंचित उठावदार असतात, कोणी घासून साफ केलं असेल तर पातळ पडतात, एखादं तुटतंसुद्धा.

आणि हो, छापून येणाऱ्या आकड्यात बहुतेक वेळा लिलाववाल्यांचं कमिशन धरलेलं असतं, हातोडा, म्हणजे शेवटची बोली, त्याहून बराच खाली पडलेला असतो, तेवढी एक ओळ टाकायला जागा लागते किती?

- एक घड्याळवेडा वाचक