नदीखोऱ्याच्या नियोजनात माशांचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नदीखोऱ्यांच्या विकास आराखड्यांवरील चर्चा सिंचन, वीज आणि पिण्याचे पाणी यांभोवतीच फिरते. मासेमारीचा उल्लेख झालाच तर तो जलाशयात सोडायच्या मत्स्यबीजापुरता. पश्चिम बंगालमध्ये गंगेवरचा फरक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला आणि समुद्रातून गंगेत वर अलाहाबादपर्यंत येणारा हिलसा मासा बंधाऱ्याच्या वरच्या भागात जवळजवळ दिसेनासा झाला. नदीकाठच्या मच्छीमारांना माशांचे हे येणेजाणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

आग्नेय आशियातील मेकाँग नदीच्या खोऱ्यात निदान प्रयत्न झाला. कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम यांनी १९९५ मध्ये स्थापलेल्या मेकाँग नदी आयोगाने माशांच्या स्थलांतराची माहिती जमवली, आणि २०१० च्या पर्यावरणीय मूल्यांकनात मुख्य प्रवाहावरील धरणांचे निर्णय दहा वर्षे पुढे ढकलण्याची शिफारस झाली. लाओसने तरीही झायाबुरी धरण बांधलेच. मात्र २०२० मध्ये कंबोडियाने मुख्य प्रवाहावर दहा वर्षे धरण न बांधण्याचे जाहीर केले.

‘मासे घटतील’ एवढ्या मोघम इशाऱ्याने अभियंत्याचे काम भागत नाही (आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही). चढणीचे मासे कोणत्या पंधरवड्यात निघतात, त्यांना किती खोल पाणी लागते आणि कोणते डोह उन्हाळ्यात कोरडे पडू देता कामा नयेत, हे धरणाच्या विसर्ग-वेळापत्रकात बसेल अशा स्वरूपात मांडावे लागते. आपल्या राज्यात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने एकात्मिक जल आराखडा बंधनकारक केला आहे. गोदावरी-कृष्णेच्या आराखड्यांचे पुनरावलोकन होईल तेव्हा मत्स्यव्यवसाय विभाग आणि भोई समाजातील जाणकारांना मसुदा छापून झाल्यावर नव्हे, तर पाण्याचा हिशेब मांडतानाच बोलवावे.

आपला,
एक वाचक, नांदेड