'फुलसम' म्हणजे केवळ 'भरभरून' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका परदेशी बातमीचा अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यात एका मंत्र्याने आपल्या पक्षनेत्याचे 'भरभरून कौतुक' केल्याचे म्हटले होते. मूळ इंग्रजी बातमी नंतर माझ्या वाचनात आली. तेथे 'फुलसम प्रेझ' (fulsome praise; येथे अतिरेकी, खुशामतीची स्तुती) असे शब्द होते आणि या मंत्र्याचा डोळा येत्या फेरबदलातील मोठ्या खात्यावर असल्याचे बातमीदाराने लगेच पुढच्या वाक्यात सुचवले होते. बातमीदाराने काढलेला चिमटा मराठीत येताना गळून पडला आणि निव्वळ शाबासकी उरली.

दोष एकट्या अनुवादकाचा नाही, कारण हा शब्द मोठा फसवा आहे. इंग्रजी 'फुल' (full, म्हणजे भरलेला) या शब्दाला 'सम' हा प्रत्यय लागून तो बनला आणि तेराव्या शतकात त्याचा अर्थ खरोखरच 'भरपूर' असा होता. पुढे 'भरपूर'चे 'धष्टपुष्ट' झाले आणि होता होता तो शिसारी आणणाऱ्या गोष्टींसाठी वापरला जाऊ लागला; घाणेरडा या अर्थाच्या 'फाउल' या शब्दाशी असलेल्या नादसाम्याचाही या घसरणीला हातभार लागला असावा, असे काही अभ्यासक मानतात. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकातील ऑलिव्हिया ही नायिका तिच्या मागे लागलेल्या ड्यूकच्या त्याच त्या प्रेमयाचनेला कंटाळून ती आपल्या कानांना 'फुलसम' वाटते असे त्याला सुनावते आणि संगीतानंतर ऐकू येणाऱ्या केकाटण्याची उपमा देते. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशात तर या शब्दाचा पहिलाच अर्थ मळमळ आणणारा, किळसवाणा असा आहे. स्तुतीला हे विशेषण लागले ते याच वाटेने: जी ऐकून कानाला ओशट वाटावे अशी स्तुती.

विसाव्या शतकात मूळचा 'भरपूर' हा अर्थ पुन्हा डोके वर काढू लागला. ब्रिटिश राजकारणी हल्ली 'फुलसम अपॉलॉजी'ची मागणी करतात, तेव्हा त्यांना लाळघोटी नव्हे, तर संपूर्ण माफी हवी असते. आजचे कोश दोन्ही अर्थ नोंदवतात, त्यामुळे कोशात पाहून निकाल लागत नाही. मी स्वतः इंग्रजीचा शिक्षक होतो; निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांच्या 'फुलसम' भाषणांबद्दल मी जाहीर आभार मानले, तेव्हा पहिल्या रांगेतील एक ज्येष्ठ प्राध्यापक गालातल्या गालात का हसले, हे मला घरी जाऊन कोश उघडल्यावर कळले.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. आपला 'फाजील' हा शब्द अरबी 'फाझिल'वरून आला. त्या भाषेत उरलेले, जास्तीचे या अर्थाबरोबरच श्रेष्ठ, विद्वान असाही त्याचा अर्थ आहे आणि उर्दूत आजही 'फाझिल' म्हणणे हा गौरव आहे. मराठीत मात्र लाड फाजील असतात, आत्मविश्वास फाजील असतो आणि एखाद्याला 'फाजील' म्हटले तर भांडणच होईल. शब्द एकच, पण तो बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर मान की अपमान हे ठरते.

म्हणून 'फुलसम' आला की अनुवादकाने आधी पुढचे-मागचे वाक्य पाहावे. स्तुती करणाऱ्याचा स्वार्थ उघड दिसत असेल, तर 'तोंडपुजी स्तुती' किंवा सरळ 'खुशामत' म्हणण्यास हरकत नाही. आपल्याकडे या कामासाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. कौतुक मनापासूनचे असेल, तर 'भरभरून' योग्यच आहे. संदर्भावरून काहीच ठरत नसेल, तेव्हा मी 'वारेमाप स्तुती' सुचवीन. त्यात मर्यादा सुटल्याचे ध्वनित होते, पण बोलणाऱ्याच्या हेतूवर शिक्का बसत नाही. त्या मंत्र्याच्या बातमीत निदान एवढा शब्द असता, तरी वाचकाने पुढचे वाक्य अधिक सावधपणे वाचले असते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा